आक्काच्या सागवानाचं कपाट

आमच्या गावच्या हायस्कुलात एक सागवानी कपाट होतं. पुढं काच, पितळी कड्या, वर पांढऱ्या रंगात आमच्या मराठीच्या बाईंचं नाव. शाळेत पाहुणा आला की त्याला आधी कपाट दाखवायचे आणि मग चहा पाजायचे. त्या कपाटाबद्दल गावात कोणी वाकडं बोललेलं मी ऐकलं नाही. मीही इतकी वर्षं बोलले नाही. पण त्याचं लाकूड आमच्या घरचं होतं आणि ते माझ्या बहिणीनं आपण होऊन दिलं होतं, तेव्हा मला बोलायचा थोडाफार हक्क आहे असं मी समजते.

गाव उंब्रजपासून आत, नदीकडेला. ऊस, गूळ आणि घरटी एक तरी माणूस फौजेत. माझे वडीलही फौजेतनं पेन्शनीत आलेले. आम्ही त्यांना आबा म्हणायचो, गावही आबाच म्हणायचं. फौज सुटली तरी तिथली शिस्त काही त्यांनी सोडली नव्हती. घरातल्या खुंटीवर टोपी एकाच कोनात असायची, आणि कुठलंही कुलूप लावलं की ते दोनदा ओढून बघायचे. गावात सातवीपर्यंतच शाळा होती. आबांनी आणि चार जाणत्यांनी साताऱ्याला हेलपाटे घातले, एका शिक्षणसंस्थेच्या दारात बसून राहिले, आणि तिची शाखा गावात आणली.

माझी थोरली बहीण, आक्का, त्याच्या आधीच सातवी होऊन घरी बसली होती. केंद्रात पहिली आलेली पोरगी. मुलगे पुढच्या शिक्षणाला सायकलवर उंब्रजला जायचे, मुली जायच्या नाहीत. त्यात आईला दमा, त्यामुळं चूल आक्काकडं आली. हायस्कूल गावात आलं तेव्हा आक्काचं वय निघून गेलं होतं, आणि मी, जिला शाळेची फारशी हौस नव्हती, ती आयती आठवीत जाऊन बसले. ज्याला भूक नाही त्याच्या ताटात पुरणपोळी, तसला प्रकार.

मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या जूनमध्ये, मी आठवीत गेले तेव्हाच, बाई आल्या. साताऱ्याच्या, तिशीच्या आसपासच्या, चपला फटफट वाजवत चालणाऱ्या. मराठी आणि इतिहास शिकवायच्या, शिवाय ग्रंथालयाचा चार्जही त्यांच्याकडंच. लहान शाळेला वेगळा ग्रंथपाल मिळत नसे. कुणातरी शिक्षकाच्या गळ्यात तो चार्ज घालायचे, आणि ज्याच्या गळ्यात पडायचा त्याचं तोंड उतरायचं, कारण पुस्तक हरवलं तर जाब त्याला. बाईंच्या आधीच्या सरांनी यावर चांगला तोडगा काढला होता. पुस्तकांच्या लोखंडी पेटीवर त्यांनी खडूची खोकी रचून ठेवली होती. पोरांना ती पेटी म्हणजे खडू ठेवायचं टेबलच वाटायचं.

बाईंनी पहिल्याच शनिवारी खोकी उतरवली. शनिवारी शाळा सकाळची असायची. ती सुटली की बाई व्हरांड्यात सतरंजी अंथरायच्या आणि पेटीतली सगळी पुस्तकं तिच्यावर पसरून ठेवायच्या. पोरांनी वाकावं, बसावं, चाळावं, पाहिजे ते घरी न्यावं. कुणी गुऱ्हाळावरनं तसाच आलेला असायचा, त्याच्या बोटांचा गूळ पानाला लागायचा. हेडमास्तर लांबनं बघायचे आणि नाक मुरडायचे. बाई म्हणायच्या, "मळलं म्हणजे कुणीतरी हातात धरलं. फाटलं तर चिकटवू." आणि खरंच, महिन्यातनं एकदा कणकेची खळ शिजवून आम्ही सगळे पुस्तकं चिकटवत बसायचो.

पुस्तक परत करताना बाई एकच प्रश्न विचारायच्या. "कुठं कंटाळा आला?" तात्पर्य नाही, लेखकाचं नाव नाही, एवढंच. पोरं धडाधड सांगायची. इथं राजाचं वर्णन फार आहे, इथं सारखं रडतात, इथं मला झोप लागली. जो म्हणायचा "कुठंच नाही", त्यानं पुस्तक उघडलेलंही नाही हे बाई ओळखायच्या. त्याच्यावर चिडायच्या नाहीत, दुसरं पुस्तक द्यायच्या.

मला मात्र उत्तरं तयार मिळायची, कारण पुस्तक मी न्यायची आणि वाचायची आक्का. चुलीपाशी, काठवटीच्या कडेला पुस्तक टेकवून, एका हातानं भाकरी थापत. परत द्यायच्या आदल्या संध्याकाळी ती मला पढवायची. "मधी त्यो तुरुंगात जातोय तितं कंटाळा आला म्हणून सांग. लय लांबवलंय." मी पोपटासारखी जाऊन सांगायची. बाई माझ्यावर खूश, आणि मला वाटायचं, आपण किती बनवतोय.

एका शनिवारी बाईंनी मी परत केलेलं पुस्तक उघडलं आणि मांडीवर झटकलं. पानांतनं वाळलेल्या पिठाचे कण पडले. बाईंनी माझ्या हातांकडं पाहिलं. शाईनं माखलेले, पिठाचा पत्ता नाही.

"हे वाचणारं माणूस भाकऱ्या करतं," बाई म्हणाल्या. "तुला येतात?"

माझ्या भाकरीचा आकार सगळ्या आळीला ठाऊक होता. पोरी हसायला लागल्या. मी सांगून टाकलं की आक्का वाचते. मला वाटलं आता पुस्तक बंद. बाईंनी दोन पुस्तकं हातात ठेवली. एक माझ्यासाठी, एक आक्कासाठी. माझं बहुतेक वेळा तसंच परत जायचं.

पुढच्या रविवारी बाई घरीच आल्या. सोप्यात आबांनी खुर्ची दिली तरी आत येऊन चुलीपाशी पाटावर बसल्या. आक्का भाकरी थापायची थांबेना, आणि बाई तिला त्या पुस्तकांबद्दल विचारत राहिल्या. दोघी अशा बोलत होत्या की आई खोकायची विसरली. मग बाई म्हणाल्या, "तू बाहेरून मॅट्रिकला का बसत नाहीस?"

शाळेत नाव नसलेल्या माणसालाही मॅट्रिकची परीक्षा देता येते हे आमच्या घरात तेव्हा पहिल्यांदा कळलं. आक्काचा हात काठवटीतच राहिला. आबा दारात उभे होते.

"आवं बाई, तिला आता स्थळं याया लागल्यात," ते म्हणाले.

"येऊ द्या की. थोडं थांबवा. पुस्तकं शाळेची आहेत, शनिवारी धाकटी आणेल. अडलं तर मी आहे."

आबा दारातनं आत आले. "ह्यो मार्च सोडून फुडचा मार्च," ते म्हणाले. "तवर म्या कुनाला हुंकार देत न्हाई. बस परीक्षेला. पर त्याच्या म्होरं माझं ऐकायचं."

आक्का फक्त "व्हय" म्हणाली. आबांचा शब्द म्हणजे शब्द होता. गावात कुणी त्यांना दिलेला शब्द मोडताना पाहिलेलं नव्हतं. आक्काला एक मार्च मिळाला, आणि तिचं पुढचं सगळं त्या मार्चवर अवलंबून राहिलं.

त्यानंतरचं ते वर्ष आमच्या घरातलं सगळ्यात सुखाचं, असं मला आता वाटतं. शनिवारी मी दप्तरातनं आक्काची पुस्तकं आणायची, एक अभ्यासाचं आणि एक गोष्टीचं. रविवारी बाई इंग्रजी आणि भूमितीला यायच्या. आक्का राखेवर काडीनं त्रिकोण काढायची. आठवीचं संपलं, नववीचं संपत आलं. आबा येताजाता विचारायचे, "कुठवर आलीस?" आणि उत्तर ऐकून मिशीला हात लावायचे. त्यांना आवडत होतं हे. मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते ऐकून लोकांना आबा वाईट वाटतील. ते वाईट नव्हते.

मे महिन्यात संस्थेच्या बदल्यांची यादी आली. बाईंचं नाव तिच्यात होतं. सांगली जिल्ह्याच्या पार पूर्वेला, जतच्याही पलीकडं, जिथं निम्मी पोरं घरी कानडी बोलतात आणि पावसाची वाट बघत म्हातारी होतात. संस्थेत बदली म्हणजे बदली, तिथं कुणाचं चालत नसे. यादी आली त्याच आठवड्यात बाईंनी आक्काला सांगितलं, "पुस्तकं इथंच आहेत. जो कोणी चार्ज घेईल तो देईल. अडलं तर मला पत्र टाक."

आता गावाला बाईंचा निरोपसमारंभ करायचा होता. नेहमीच्या शाल-नारळावर कुणाचं समाधान होईना. आमच्या सोप्यात शाळा समितीची बैठक बसली. आबा समितीचे अध्यक्ष. "बाईंचं नाव ऱ्हायाला पायजे," ते म्हणाले. "त्येंची पुस्तकं सतरंजीवर धूळ खात्यात. आपुन झकास कपाट करू. काच लावू. वर बाईंचं नाव." सगळ्यांना पटलं. अडचण एकच, सुतार म्हणाला की मुरलेलं लाकूड मिळायला दिवाळी उजाडेल.

तेव्हा दाराआडनं आक्का बोलली. "आपलं माळ्यावरचं सागवान हाय की."

ते सागवान आबांनी पाटणच्या बाजूनं आणून आक्काच्या लग्नातल्या पलंगासाठी ठेवलं होतं. आई आतनं म्हणाली, "आगं, ते तुजं हाय."

"माजं लगीन कुठं आत्ता हाय," आक्का म्हणाली. "मार्च जाऊ दे की."

आबांना असा अभिमान वाटला की त्यांनी बैठकीला गुळाचा चहा दोनदा पाजला. बाईंवर सगळ्यांचाच जीव होता, पण आपल्याकडची सगळ्यात चांगली वस्तू काढून दिली ती आक्कानं.

कपाट बघत राहावं असं झालं. कराडहून काच आली. रंगाऱ्यानं वर बाईंचं नाव लिहून खाली "यांच्या स्मरणार्थ" असं घातलं. बाई वाचून म्हणाल्या, "अहो, मी अजून आहे." सगळे हसले आणि रंगाऱ्यानं तिथंच खरवडून "गौरवार्थ" केलं. मग आबा भाषणाला उभे राहिले. फौजेत रायफली कशा ठेवतात ते त्यांनी सांगितलं. त्या खोलीला कोत म्हणतात, तिला दोन कुलपं, मोजणी सांजसकाळ, एक गोळी इकडची तिकडं होत नाही. "बाई, तुमच्या पुस्तकाची आमी तशी राखण करू. एक पान फाटू देनार न्हाई."

बाई उठून म्हणाल्या, "आबा, फाटली तरी चालतील हो. पोरांच्या हातात राहू द्यात." लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंचा विनय बघा, असं माझ्या शेजारी बसलेली काकू म्हणाली. बाई विनयानं बोलत नव्हत्या, त्यांना खरंच तसं वाटत होतं, पण ते ऐकू येण्याइतके आम्ही शुद्धीवर नव्हतो. आम्ही फार आनंदात होतो.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सतरंजी नव्हती. कपाटाची एक किल्ली हेडमास्तरांकडं, दुसरी आबांकडं. चार्ज पी.टी.च्या सरांकडं. नियम आबांनी केलेले आणि समितीनं एकमतानं मंजूर केलेले. आठवड्यातनं एक तास वर्गानं रांगेत येऊन तिथंच बसून वाचायचं, हात धुऊन. पुस्तक शाळेबाहेर जायचं नाही. आणि जो शाळेच्या पटावर नाही त्याला मिळायचं नाही.

पहिल्या शनिवारी मी आक्काची पुस्तकं मागायला गेले. सर भले गृहस्थ. त्यांना मनापासून वाईट वाटलेलं दिसलं.

"तुझी बहीण शाळेच्या पटावर नाही गं," ते म्हणाले. "आबांनीच नियम केलाय. त्यांनी सांगितलं तर लगेच देतो."

घरी येऊन सांगितलं तेव्हा आक्का हसली. आबांना ते सुचलंच नसणार, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं. आबा जेवायला बसले होते. ऐकून त्यांचा घास हातात राहिला. त्यांनी बाईंच्या नावाचा विचार केला होता, पुस्तकांचा केला होता, गावाचा केला होता. आपल्याच चुलीपाशी बसणारी वाचक त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

"नियम म्या केला," ते म्हणाले. "पयल्याच आटवड्यात म्याच मोडला, त्येबी घरच्यासाटी, तर गाव काय म्हनंल?"

"मग म्या काय करू आबा?"

"कराडास्नं इकत आनू."

त्यांना आणायचीच होती. पण पेरणी आली, विहिरीवरची मोटार जळाली, मग उसाची लावण. एकदा कराडला गेले तेव्हा आठवणीनं एक भूगोल आणला. तो आठवीचा निघाला. आक्कानं त्याला कव्हर घातलं. मी नववीत, माझी पुस्तकं तिची वाचून झालेली. मॅट्रिकच्या वर्षाची इंग्रजी आणि भूमितीची पुस्तकं त्या कपाटात, काचेतनं दिसणारी. मी बाईंना पत्र टाक म्हणून तिच्या मागं लागले. ती म्हणाली, "काय लिहू? बापाची कागाळी करू?" आमच्याकडं मुलगी बापाबद्दल परक्या माणसाला लिहीत नाही. तिनं लिहिलं नाही. बाईंचं एक पत्र आलं, अभ्यास कसा चाललाय म्हणून. तिनं उलट टपाली कळवलं की बरा चाललाय.

परीक्षेचा अर्ज भरायची मुदत हिवाळ्यात गेली. आबांनी मात्र शब्द पाळला. मधे एक फार चांगलं स्थळ आलं, मुलगा साताऱ्याला कचेरीत, तरी आबांनी सांगितलं की मार्चपर्यंत आमचं ठरलंय. कशासाठी थांबलोय हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि त्यात आता काही उरलं नाही हेही. परीक्षेच्या त्या आठवड्यात आक्का रोजच्यासारख्या भाकऱ्या करत होती. मला तिच्यासमोर बसवेना. शाळेला मी लवकर निघून जायचे आणि रस्त्यात रडायचे.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, सांगलीच्या बाजूला, तासगावकडं. माणसं चांगली, मळा मोठा. पलंग कराडहून लोखंडी आणला.

शाळेनं वर्धापन दिन केला तो ते दशक संपताना. तोवर मी साताऱ्यात कॉलेजात होते. प्रमुख पाहुण्या म्हणून बाईंना बोलावलं. आक्का मे महिन्याची माहेरी आली होती, कडेवर पोर. आबांच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. सकाळपासून त्यांनी कपाटाची काच तीनदा पुसली.

बाई आल्या, आक्काला बघून तिच्या गालाला हात लावला, पोराचा मुका घेतला. मॅट्रिकचं विचारलं नाही. बहुधा तिच्या तोंडावरच त्यांना कळलं असावं. मग आबांनी सगळ्यांदेखत कपाट उघडलं. डांबरगोळ्यांचा वास आला.

"मोजून घ्या बाई," आबा म्हणाले. "येकबी हारवलं न्हाई. जशी ठेवली तशी हायत."

बाईंनी एक काढलं, चाळलं, ठेवलं. दुसरं काढलं. मग एका पुस्तकाचं मधलं पान उघडून त्या थांबल्या. पानाच्या कडेला वाळलेलं पीठ चिकटलेलं होतं. त्यांनी आणखी दोन-तीन काढून पाहिली. गुळाची बोटं, खळीचे डाग, सगळं सतरंजीवरच्या दिवसांतलं. त्याच्यानंतरचा एक डाग नव्हता.

"हे आक्काचं पीठ," बाई हळूच म्हणाल्या. "तिच्यानंतर कुणी वाचलंच नाही वाटतं."

त्यांना टोचायचं नव्हतं. आपल्याशीच बोलावं तसं बोलल्या त्या. पण आबा शेजारीच होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते आणि ते कळत जाताना मला दिसलं. कपाटाकडं, पिठाकडं, मग आक्काकडं त्यांनी पाहिलं. त्या क्षणी माझा त्यांच्यावरचा इतक्या वर्षांचा राग विरघळला आणि मला फार वाईट वाटलं, त्यांचंही आणि तिचंही. ते पुस्तक बाईंच्या हातातनं घेऊन त्यांनी आक्कापुढं धरलं.

"घे. कंचंबी घे. घरी न्हे."

आक्कानं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं.

"म्या शाळेच्या पटावर न्हाई, आबा," ती म्हणाली.

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. जे खरं आहे ते ती सांगत होती.

कुणीतरी चहाला हाक मारली. लोक मांडवाकडं निघाले, बाई आक्काच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर पडल्या. मी दारात थांबले. आबांनी ते पुस्तक त्याच्या जागी नीट ठेवलं, कपाट लावलं, आणि कुलूप घालून दोनदा ओढून बघितलं.